बाचीत सहा हजार, शिनोळीत बारा हजार; शेतकरी सन्मान निधीचा हप्ता अडतो कुठे?

बेळगाव : बेळगाव तालुक्यातील बाची आणि चंदगड तालुक्यातील शिनोळी ही एकमेकांना लागून असलेली गावे. माती तीच, पाऊस तोच, पीकही भाताचेच. मात्र शेतकऱ्याच्या खात्यावर वर्षाला जमा होणारी रक्कम सारखी नाही. बाचीच्या शेतकऱ्याला ६,००० रुपये मिळतात, तर शिनोळीच्या शेतकऱ्याला १२,०००. असे का होते आणि आहे तो हप्ताही मधेच का थांबतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

केंद्राचा पैसा सगळीकडे सारखाच

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. पात्र शेतकरी कुटुंबाला दर चार महिन्यांनी २,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० रुपये मिळतात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले. त्यामुळे नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच.

फरक पडतो तो राज्यामुळे. महाराष्ट्राने २०२३ पासून 'नमो शेतकरी महासन्मान निधी'तून आणखी ६,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कर्नाटकातही २०१९ पासून राज्याचे ४,००० रुपये मिळत होते, पण २०२३ च्या सत्तांतरानंतर ते बंद झाले. मध्य प्रदेशात राज्याची वेगळी किसान कल्याण योजना आहे, तर तेलंगणात एकरी हिशेबाने मदत दिली जाते.

हप्ता थांबण्याची कारणे

पहिले कारण वारसा नोंदीचे. वडील वारले, पण उताऱ्यावर नाव अजून त्यांचेच. भाऊभाऊ वाटण्या करून शेती कसतात, पण कागदावर काहीच नाही. अशा वेळी कसणाऱ्याला लाभ मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन विकत घेतलेल्यांना ही योजना लागू नाही. वारशाने आलेल्या जमिनीला मात्र ही अट आड येत नाही. म्हणून 'बघू पुढे' म्हणत वारसा नोंद लांबवणे महागात पडते.

दुसरे कारण नावाचे. कर्नाटकातील उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजी-कन्नडमध्ये आणि जुने बँक पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, आडनाव सुटले की माहिती जुळत नाही. कर्नाटकात 'फ्रुट्स' प्रणालीतील शेतकरी क्रमांकाला, म्हणजे एफआयडीला, आपले सगळे सर्व्हे नंबर जोडले आहेत का, तेही पाहावे लागते.

तिसरे कारण बँकेचे. पैसे आधारवरून जमा होतात. आधार शेवटी ज्या खात्याला जोडले, त्याच खात्यात रक्कम जाते. त्यामुळे पासबुक कोरे दिसते आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. 'हप्ता आलाच नाही' म्हणण्याआधी घरातली सगळी पासबुके भरून आणलेली बरी.

चौथे म्हणजे ई-केवायसी. मोबाईलवर ओटीपीने, सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने किंवा ॲपवर चेहरा दाखवून ती करता येते. शेतात राबून ठसे झिजलेल्या वयस्करांना चेहऱ्याचा पर्याय सोयीचा.

कोणाला मिळत नाही?

प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकर आणि १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे अपात्र ठरतात. मात्र सर्वात मोठी उणीव वेगळीच आहे. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला, उताऱ्यावर नाव नसल्यामुळे, एक रुपयाही मिळत नाही. घाम त्याचा, पण हप्ता मालकाला.

काय करावे?

संकेतस्थळावर आपली स्थिती पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी. तिन्हींपुढे 'होय' हवे. जिथे 'नाही' दिसेल तिथेच अडले आहे, असे समजावे. जमिनीचे काम असेल तर तलाठी किंवा रयत संपर्क केंद्र, आधार जोडणीचे असेल तर बँक. चुकीच्या दारात चार फेऱ्या मारण्यापेक्षा आधी कारण कळले, तर निदान एका दिवसाची मजुरी वाचते.