खेळाचं अर्थकारण (भाग ६) : आवाजाचा वाटा

२९ एप्रिल २००८ रोजी ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ बाजारात आला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ६० लाख प्रती खपल्या आणि विक्री ५० कोटी डॉलरवर गेली. गेमचा नायक निको बेलिक हा पूर्व युरोपातून अमेरिकेत नशीब काढायला आलेला, युद्धाने पोळलेला माणूस. त्याचा आवाज आणि त्याच्या हालचाली मायकल हॉलिक या नटाच्या. सुमारे पंधरा महिन्यांच्या कामाचे त्याला एक लाख डॉलरच्या आसपास मिळाले. रक्कम कमी नव्हती. नटांच्या संघटनेच्या ठरलेल्या दरापेक्षा ती जास्तच होती. मात्र गेम पुढे कितीही खपला तरी त्यातला एक सेंटही त्याच्याकडे येणार नव्हता. हॉलिकने याचा दोष कंपनीला दिला नाही. आपल्या संघटनेने केलेल्या करारातच तशी तरतूद नाही, हे त्याचं दुखणं होतं.

अमेरिकेत सिनेमा आणि टीव्हीच्या नटांना काम पुन्हा दाखवलं गेलं की त्याचे पैसे मिळतात. त्याला ‘रेसिड्युअल’ म्हणतात. गेममध्ये ही पद्धत रुजलीच नाही. साठच्या दशकात मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात रॉयल्टीवरून जो वाद झाला, तो नेमका याच प्रश्नावर होता : मानधन घेतलं की गाण्यावरचा हक्क संपतो, की गाणं कमावत राहील तोवर गायकाचाही वाटा राहतो?

हॉलिकच्या मागे राहिलेला हा प्रश्न २०१६ मध्ये संपापर्यंत गेला. ‘सॅग-आफ्ट्रा’ या कलाकार संघटनेने २१ ऑक्टोबरला अकरा कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, ॲक्टिव्हिजन, टेक-टू ही त्यातली मोठी नावं. पैशाइतकीच कामाच्या अटींबद्दलही चीड होती. कोणत्या गेमसाठी बोलतोय हेच अनेकदा नटाला सांगत नसत. सांकेतिक नाव आणि सुटे संवाद हातात देऊन बूथमध्ये उभं करत. युद्धाच्या गेममध्ये तर चार-चार तास किंचाळायचं : भाजून मरताना, गोळी लागताना, उंचावरून पडताना, प्रत्येक मरण वेगळ्या सुरात. घसा हेच ज्यांचं भांडवल, त्यांनी हे किती दिवस सोसायचं?

पैशांची मागणी काय होती ते नीट पाहू. चार तासांच्या एका सत्राचा किमान दर तेव्हा ८२५.५० डॉलर होता. गेमच्या दर २० लाख प्रतींमागे आणखी एका सत्राचे पैसे द्या, तेही ८० लाख प्रतींपर्यंतच, एवढंच संघटना म्हणत होती. म्हणजे तुफान चाललेल्या गेममध्येही एका नटाला वरकड मिळणार जास्तीत जास्त ३,३०२ डॉलर. गेममध्ये असे शंभर नट आहेत असं धरू. एकूण बोजा ३,३०,२०० डॉलर. तो ८० लाख प्रतींवर वाटला, तर साठ डॉलरच्या एका प्रतीमागे सुमारे चार सेंट पडतात. आणि २० लाखांचा टप्पा न गाठणाऱ्या गेमवर शून्य. नटांना वाटा दिला तर गेम महागतील, ही भीती या हिशेबापुढे टिकत नाही.

मग कंपन्या इतक्या अडून का बसल्या? एका गेमवर प्रोग्रॅमर, चित्रकार, डिझायनर अशी शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात, त्यांना विक्रीत वाटा नाही, मग काही दिवस येऊन बोलणाऱ्यांना का, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. गेम संपवायच्या शेवटच्या महिन्यांत ही मंडळी रात्री-रात्री जागतात आणि त्यांच्या मागे बहुतेक वेळा संघटनाही नसते. पण त्यांच्यावरचा अन्याय नटांना नकार देण्यासाठी पुढे करणं मला पटत नाही. चार सेंटांची धास्ती कुणालाच नव्हती. एकाला विक्रीशी बांधलेला वाटा दिला की उद्या प्रोग्रॅमरही मागतील, ही खरी धास्ती होती.

३४० दिवसांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये तडजोड झाली. प्रतींशी जोडलेला वाटा मिळालाच नाही. त्याऐवजी सत्रांच्या संख्येवर ठरणारा बोनस आला : पहिल्या सत्राला ७५ डॉलर, दहा सत्रं झाली तर एकूण २,१००. गेम दहा हजार खपो की दोन कोटी, रक्कम तीच. भूमिकेची थोडी माहिती आधी देण्याचं मात्र कंपन्यांनी मान्य केलं.

गेमच्या किमतीचा हिशेब वेगळाच चालतो. २००५-०६ च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत ५० वरून ६० डॉलर झाली आणि २०२० पर्यंत तिथेच राहिली. मग ७०, आणि २०२५ मध्ये ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला आला. २००६ चे साठ डॉलर महागाई धरून आज पंचाण्णवच्या आसपास जातात, म्हणजे खऱ्या अर्थाने गेम स्वस्तच झाला. खर्च मात्र फुगला : ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा निर्मितीखर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचं २०२३ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झालं. यातला मोठा भाग पगारांचा. शिवाय मागच्या भागात पाहिलं तसं, ऑनलाइन दुकानाचा वाटा साधारण ३० टक्के. ही तूट कंपन्यांनी भरून काढली ती जास्त प्रती विकून आणि गेमच्या आत वस्तू विकून.

पुढचा संप २६ जुलै २०२४ ला सुरू झाला, तो कृत्रिम बुद्धिमत्तेवरून. एकदा ध्वनिमुद्रित झालेल्या आवाजातून यंत्र नवे संवाद तयार करू लागलं, तर पुढच्या सत्राला नटाला बोलावणार कोण? संप चालू असताना ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या इंग्रजी आवृत्तीत काही पात्रं आवाजाविनाच वावरत होती. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये सिनेमातला खलनायक डार्थ व्हेडर यंत्राने घडवलेल्या आवाजात खेळाडूंशी गप्पा मारू लागला. तो आवाज आदल्या वर्षी निवर्तलेले नट जेम्स अर्ल जोन्स यांचा होता. कुटुंबाची संमती होती, तरी संघटनेशी बोलणी न करता हे केल्याबद्दल संघटनेने कामगार मंडळाकडे तक्रार केली.

जुलै २०२५ मध्ये ९५ टक्के मतांनी नवा करार मंजूर झाला. दर लगेच १५.१७ टक्क्यांनी वाढले. आवाजाची डिजिटल प्रतिकृती करायची तर नटाची संमती हवी, वापर उघड सांगायला हवा, आणि संपाच्या काळात नटाला ती संमती थांबवता येईल. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती नसती तर संपावर गेलेल्या नटाच्याच आवाजाने संप मोडता आला असता. विक्रीतला वाटा अजून मिळालेला नाही. २०१६ ची मागणी आता जशीच्या तशी पुरणारही नाही, कारण ‘फोर्टनाइट’सारख्या गेमची प्रत विकलीच जात नाही. तो फुकट मिळतो आणि कमाई होते ती आतल्या दुकानात. ते दुकान कसं चालतं, ते पुढच्या भागात.