नगरसभेतील स्त्रीची जागा

१९५५ साली गोल्डा मेयर (तेव्हाच्या मायरसन) तेल अवीवच्या महापौर व्हावयाच्या होत्या. त्या काळी महापौराची निवड नगरसदस्य करीत. जी मते कमी पडली ती धार्मिक गटाची. स्त्रीस मत देणे त्यांस मान्य नव्हते. चौदा वर्षांनी त्याच बाई देशाच्या पंतप्रधान झाल्या!

दुसरी हकीगत नेगेवमधील यरुहामची. भारतातून आलेली कुटुंबेही ह्या गावी वसली आहेत. तेथील स्थानिक कौन्सिलने १९८६ साली लेआ शकदिएल ह्या धर्मनिष्ठ बाईंची धार्मिक मंडळावर निवड केली. त्या पेशाने शिक्षिका, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. स्त्री नको म्हणून वरून अडथळा आला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे मंडळ धर्माज्ञा ठरवीत नाही, मिकवे व सिनेगॉग यांची व्यवस्था पाहते, हे त्यातील मर्म.

आपण मागे सोडून आलेल्या कोकणात निराळाच मार्ग धरला गेला. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांस राखल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या ज्या परिसरात आपल्या वाडवडिलांचे तेलाचे घाणे फिरत, तेथे आज बायका सरपंचाच्या खुर्चीवर बसतात. दोष नाहीत असे नव्हे. राखीव प्रभाग आळीपाळीने बदलतो; पाच वर्षांत कारभार शिकलेल्या बाईंचा प्रभाग पुढच्या खेपेस खुला होतो. कोठे सही बाईंची आणि कारभार यजमानांचा. अशांस लोक 'सरपंचपती' म्हणतात.

इस्राएलात राखीव जागा नाहीत. २०१४ च्या कायद्याने, एक तृतीयांश स्त्रिया असलेल्या गटांस निवडणूक खर्चासाठी जादा अनुदान मिळते, इतकेच.

राखीव जागा म्हणजे मेहेरबानी, असे आम्हांसही एके काळी वाटे. परंतु वर्गात नाव घेऊन विचारल्याखेरीज मागील बाकावरील मुलीचा हात वर येत नाही, आणि एकदा आला की मग खाली राहत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे.

आपल्या घरचेच पाहा. मलिद्याचे ताट कोणी करावयाचे, हे ठरविण्यास आजवर सभा भरली नाही. त्याच्या खर्चाचा हिशेब तपासावयास मात्र कमिटी बसते, आणि तीत बहुधा सगळे पुरुष.