ठेक्यात बसलेला कट

नोव्हेंबर 2006 मध्ये लासे येर्टसेन या नॉर्वेच्या तरुणाने यूट्यूबवर ‘अमॅच्युअर’ नावाचा व्हिडिओ टाकला. यूट्यूब तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. पडद्यावर तो ड्रम वाजवतोय आणि पियानोही वाजवतोय. प्रत्यक्षात त्याला यातलं एकही वाद्य येत नव्हतं. एकेक आघात, एकेक सूर सुटा चित्रित करून त्याने ते तुकडे टाइमलाइनवर ओळीने लावले होते. वादन झालं ते एडिटिंगमध्ये. ते पाहून जगभरातल्या कितीतरी पोरांनी कॅमेरा आणि कात्री हातात घेतली. या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. तिचा मागोवा घ्यायलाच हवा, कारण एडिटिंग शिकण्याचा इतका सरळ आणि प्रामाणिक मार्ग दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

याची मुळं बरीच मागे जातात. 1930 मध्ये वाल्टर रुटमान या जर्मन दिग्दर्शकाने ‘वीकएंड’ केला, म्हणजे चित्रच नसलेला सिनेमा. बर्लिनमधल्या कामाच्या आणि सुट्टीच्या वेळचे आवाज त्याने फिल्मच्या ध्वनिपट्टीवर मुद्रित केले आणि दृश्यं कापावीत तसे कापून सुमारे अकरा मिनिटांची रचना बांधली. 1948 मध्ये पॅरिसला पिएर शेफरने बातिन्योल स्टेशनातल्या आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेऊन त्यांची रचना केली. तबकडीची खाच वर्तुळात बंद केली की तोच तुकडा फिरून फिरून वाजतो, हे तंत्र त्याने वापरलं. आजच्या ‘लूप’चं बीज त्यात आहे. पुढे 1990च्या दशकाअखेरीस ब्रिटनमधल्या कोल्डकट आणि हेक्सस्टॅटिक यांनी ‘टिंबर’मध्ये करवतीचा आवाज आणि त्याच क्षणाचं दृश्य एकत्रच ठेक्यात बांधलं. जंगलतोडीवरचं भाष्य त्या ठेक्यातूनच पोचलं.

येर्टसेननंतर वाटा फुटल्या. 2009 मध्ये इस्रायलच्या कुटिमानने ‘थ्रू-यू’ केलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या वादक-गायकांचे यूट्यूबवरचे व्हिडिओ त्याने निवडले आणि स्वर, लय जुळवून त्यांची गाणी केली. तिथे कापण्याइतकंच कसब ऐकण्याचं होतं. आपल्याकडे हे घराघरांत पोचलं ते ऑगस्ट 2020 मध्ये. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, यशराज मुखाटेने ‘साथ निभाना साथिया’मधल्या कोकिलाबेनच्या संवादाला चाल लावली आणि ‘रसोडे में कौन था’ देशभर गाजलं. रागावून बोलणाऱ्या बाईच्या वाक्यालाही चढ-उतार असतात, वजन असतं. ते हेरून त्याखाली स्वर आणि ठेका ठेवला की बोलणंच गाणं होतं. 2021च्या फेब्रुवारीत ‘पावरी हो रही है’ आलं आणि रील करणाऱ्या मुलामुलींना हा खेळ पाठ झाला.

यातून शिकायला काय मिळतं? स्टीलची वाटी आणि चमचा घ्या, वाजवताना फोनवर चित्रित करा आणि टाइमलाइनवर आवाजाची आकृती मोठी करून बघा. आघाताला रेघ एकदम उभी चढते, मग निमुळती होत जाते. ती शेपूट म्हणजे आस. मात्रा बसवायची ती चढावर. पण चित्रही तिथूनच सुरू केलं, तर चमचा वाटीला टेकलेलाच दिसतो, हात खाली येताना दिसत नाही आणि आघात पोकळ वाटतो. म्हणून चित्र दोन-तीन फ्रेम आधी सुरू करायचं आणि आवाज मात्रेवरच ठेवायचा. आस मध्येच तोडली तर खटका ऐकू येतो, तिथे बारीकसा फेड द्यायचा.

मग हिशेब येतो. सेकंदाला 25 फ्रेम आणि मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर एक मात्रा साडेबारा फ्रेमची होते. अर्ध्या फ्रेमवर चित्र कापता येत नाही, त्यामुळे एकाआड एक कट घसरतो. लय 125 केली की मात्रा नेमकी 12 फ्रेमची होते. 12 चे दोन, तीन, चार असे समान भाग पडतात, म्हणून दुगुन, तिगुन, चौगुन सगळं फ्रेमवर चोख बसतं. साध्या संवादाच्या दृश्यात चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर प्रेक्षक खपवून घेतो. या लयीत मात्र चार फ्रेम म्हणजे मात्रेचा तिसरा हिस्सा, आणि तेवढी चूक शाळकरी पोरालाही कळते. कट कुठे चुकला हे सांगायला मास्तर लागत नाही, कानच सांगतो.

म्हणून एडिटिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, की तयार टेम्प्लेट बाजूला ठेवा. घरातले चार-पाच आवाज चित्रित करा आणि केरव्याच्या आठ मात्रा जुळवा: ‘धा’ला खलबत्ता, ‘ती’ला वाटी, बाकीचे तुम्ही ठरवा. ते आवर्तन न अडखळता समेवर आलं की मग मुलाखत, लघुपट, लग्नाचा व्हिडिओ, हवं ते कापायला घ्या. हात तयार झालेला असेल.