दिवाळखोरी : शिक्षेकडून पुनर्वसनाकडे

मुंबईतील पेढी असो वा परतूर तालुक्यातील आष्टीचे दुकान, 'दिवाळे निघाले' हे शब्द कानी पडताच नाचक्कीची भावना मनात येते. कायद्याची दृष्टीही पूर्वी अशीच होती. इंग्लंडमधील 1542 च्या पहिल्या दिवाळखोरी कायद्याने ऋणकोस अपराधी मानले. त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंत वाटणे, एवढाच त्या कायद्याचा हेतू होता. मालमत्ता गेली तरी उरलेल्या कर्जातून सुटका नव्हती.

पुढे व्यापार वाढला आणि अपयश म्हणजे लबाडीच असे नव्हे, ही जाणीव रुजली. 1705 च्या कायद्याने सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली करणाऱ्या व्यापाऱ्यास उर्वरित कर्जातून मुक्ती मिळू लागली. फसवणूक करणाऱ्यास मात्र देहदंड होता. कोठडीतील माणूस कर्जही फेडू शकत नाही आणि कुटुंबही पोसू शकत नाही. म्हणून 1869 मध्ये तेथे कर्जासाठीचा तुरुंगवास बहुतांशी रद्द झाला. अमेरिकेच्या 1978 च्या संहितेने उद्योग चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी करण्यावर भर दिला.

महाराष्ट्रातही हा विचार जुना आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर 1879 मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करण्यास मनाई केली आणि त्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली. आष्टीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा तेथे लागू नव्हता.

आज दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 आष्टीतही लागू आहे. त्यानुसार शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक जनावरे व बियाणे आणि त्याचे राहते घर यांवर सामान्यतः जप्ती आणता येत नाही. ऐपत असूनही बुडविणारा आणि खरोखरच असमर्थ असलेला ऋणको यांत भेद केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये स्पष्ट केले. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अल्प उत्पन्नाच्या ऋणकोसाठी 'नवा आरंभ' या प्रक्रियेचा समावेश आहे.

धनकोचा हक्क यामुळे नाहीसा होत नाही. हिशेब उघड करणे व मालमत्ता न लपविणे, ही ऋणकोची जबाबदारी कायम आहे. मात्र कर्जबाजारी माणूस पुन्हा उभा राहिला, तर त्यात गावाचेही हित आहे. लाजेपोटी घराचे दार लावून बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे, हे शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचे मोलाचे कार्य ठरेल.