हॅल्स्टेड मांजरांत मात्र बरोबर

ग्वाल्हेरहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: दहा वर्षांच्या मांजरीच्या सडाजवळ गाठ निघाली, डॉक्टर म्हणतात, त्या बाजूची स्तनग्रंथींची सगळी रांग काढू. माणसांत हल्ली बऱ्याचदा नुसती गाठ काढून भागतं, मग मुक्या जिवाला एवढी चिरफाड कशाला?

या शंकेमागे मोठा वाद आहे. बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकागाठी, सगळं एकदम काढण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि पुढची कित्येक दशकं तीच वेदवाक्य ठरली. लंडनच्या जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकातच रेडियमच्या सुया वापरून स्तन वाचवायला सुरुवात केली. (अर्थतज्ज्ञ केन्स यांचे हे धाकटे भाऊ आणि चार्ल्स डार्विनचे नातजावई.) सहव्यावसायिकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीनं तेच सिद्ध केलं, आणि श्रेय फिशर यांना मिळालं. केन्स यांचं नाव आज किती डॉक्टरांना आठवतं?

गंमत अशी, की माणसांत मागे पडलेला हॅल्स्टेड मांजरांत अजून टिकून आहे. मांजरीला सहसा आठ स्तनग्रंथी, दोन रांगांत. एका रांगेतल्या ग्रंथी लसिकावाहिन्यांनी जोडलेल्या. नुसती गाठ काढली, तर त्याच रांगेत ती पुन्हा उगवण्याची भीती मोठी. कुत्रीच्या अशा गाठींपैकी निम्म्या निरुपद्रवी निघतात. मांजरीत मात्र दहापैकी आठ-नऊ कॅन्सरच्या. त्यातल्या बहुतेकींवर हार्मोनचे ग्राहक नसतात, म्हणून माणसांतल्या हार्मोनरोधक गोळ्यांचा इथे उपयोग नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्सोरुबिसिन देतात. त्यानं आयुष्य किती वाढतं, यावर अभ्यासांचं एकमत नाही. तेव्हा ‘नव्या उपचाराची कमाल’ छापाच्या बातम्या जरा बेतानंच वाचाव्यात.

किती जगेल, हे बरंचसं गाठीच्या मापावर ठरतं. शस्त्रक्रियेच्या वेळी ती २ सेंमीपेक्षा लहान, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या आत असेल, तर निम्म्या मांजरी तीन वर्षांहून अधिक जगतात. २ ते ३ सेंमी असेल तर दोनेक वर्षं, त्याहून मोठी असेल तर कित्येकदा सहा महिनेच. काखेतल्या लसिकागाठींत किंवा फुप्फुसांत कॅन्सर पोचला असेल तर अंदाज आणखी खाली येतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे.

खरं औषध आधीचंच आहे. २००५ च्या अमेरिकी अभ्यासानुसार सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली, तर या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी घटतो, वर्षाच्या आत केली तर ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर हा फायदा उरत नाही. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ या समजुतीला त्या अभ्यासात आधार सापडला नाही. माज थांबवणारी प्रोजेस्टिनची औषधं तर धोका वाढवतातच.

तेव्हा ताई, डॉक्टरांचं ऐका. गावात सोय नसेल तर मथुरेचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आग्र्याच्या पुढे, त्याच रेल्वेमार्गावर आहे. ‘वाढते का बघू’ म्हणून महिनाभर थांबू मात्र नका.