‘सगळं सांभाळून’ : एका कौतुकाच्या शब्दाची तपासणी

आजचा विषय आहे नोकरी, घर आणि स्वास्थ्य. या तिन्हींचा मेळ घालताना बाईची आणि पुरुषाची परिस्थिती सारखी का नसते, हा प्रश्न. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला कुठलाही विषय द्या, तो आधी शब्द तपासायला बसतो. मीही तेच करणार आहे.

माझी पीएच.डी. झाली तेव्हा कॉलेजात छोटासा सत्कार झाला. बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं म्हटलं, ‘मुलं, सासूबाईंचं आजारपण, सगळं सांभाळून मॅडमनी हे केलं.’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याच सुमारास आमच्या एका सरांनाही डॉक्टरेट मिळाली. मुलं त्यांनाही होती, आईवडील त्यांनाही होते. पण त्यांच्याबद्दल ‘सगळं सांभाळून’ असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर लोक हसले असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. काही वर्षांपूर्वी एका तरुण प्राध्यापिकेच्या पुस्तकावर मी बोलले आणि माझ्याच तोंडून तेच निघालं, ‘लहान बाळ सांभाळून हिनं पुस्तक लिहिलं.’ कार्यक्रम संपल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, माझ्या पुस्तकापेक्षा तुम्ही माझ्या बाळाबद्दल जास्त बोललात.’ रागानं नाही, हसतच म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही. आजचं बोलणं म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर आहे.

आधी वस्तुस्थिती बघू. आपल्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरची माणसं चोवीस तास कशात घालवतात, हे तिच्यात नोंदवलं. बिनमोल घरकाम, म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. हे आकडे तुम्ही ऐकले असतील. पण ते वाचताना एक चूक होते. 97 मिनिटं ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं, फक्त त्यांची आहे. आणि असे पुरुष होते शंभरात साधारण 26. बायका होत्या 81. काहीच न करणाऱ्यांनाही धरून सरासरी काढा. पुरुषाच्या वाट्याला येतात सुमारे 25 मिनिटं, बाईच्या वाट्याला सुमारे 243. म्हणजे तिप्पट नव्हे, जवळजवळ दहापट. 2024 मध्ये पुन्हा पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची मिनिटं 289 झाली आणि पुरुषांची 88. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषानं ती उचलली असं काही या आकड्यांवरून दिसत नाही.

आता ‘संतुलन’ हा शब्द घ्या. वर्क-लाइफ बॅलन्स म्हणतात तो. आपण त्याला तारेवरची कसरत म्हणतो. या प्रतिमेत एक गोम आहे. तारेवर चालणारी पडली, तर तिचा तोल गेला असं आपण म्हणतो. तार कुणी बांधली, किती उंच बांधली, हे विचारत नाही. प्रश्न असतो वाटपाचा, म्हणजे न्यायाचा. ‘संतुलन’ म्हटलं की तो कौशल्याचा होतो. मग उपायही तसेच सुचवले जातात : पहाटे लवकर उठा, वेळेचं नियोजन करा, योगासनं करा. योगासनं चांगलीच आहेत. पण अन्यायावर ती औषध नाहीत.

दुसरा शब्द ‘मदत’. ‘आमचे हे घरात खूप मदत करतात.’ मदत कुणाच्या कामात करतात? ज्याचं काम, त्याला. म्हणजे काम तिचं, हे आधीच ठरलेलं आहे. शिवाय मदत करणारा सांगितलेलं करतो. गॅस कधी संपेल, मुलाची लस कधी आहे, बाबांच्या गोळ्या किती उरल्या, हे लक्षात ठेवणं कुणाकडे असतं? हे काम घड्याळात धरणं कठीण, कारण ते ऑफिसात फाईल बघतानाही डोक्यात चालू असतं.

आता स्वास्थ्य. कुणी म्हणेल, बायकांना विचारलं तर त्या समाधानी असल्याचं सांगतात, मग तुमची तक्रार काय? इथे अमर्त्य सेन यांनी पुढे आणलेलं एक उदाहरण मोलाचं आहे. बंगालच्या दुष्काळानंतर 1944 साली कलकत्त्याजवळ सिंगूरला एक आरोग्य पाहणी झाली. तिच्यात विधुरांपैकी 48.5 टक्क्यांनी आपली तब्येत बरी नाही किंवा बेताची आहे, असं सांगितलं. विधवांपैकी असं सांगणाऱ्या होत्या फक्त 2.5 टक्के. त्या काळी बंगालमधल्या विधवा विधुरांपेक्षा ठणठणीत होत्या, असं कोण म्हणेल? जिला काही मागायचा हक्कच नाही, ती आपलं दुखणंही मोजायचं सोडून देते. सेन यांचा मुद्दा हाच : ज्याला जितकं मिळतं, तितक्यात समाधान मानायला मन शिकतं. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे उत्तर ऐकावं जरूर, पण तिथे तपास थांबवू नये.

आता कायदा काय म्हणतो बघा. 2017 च्या दुरुस्तीनं प्रसूतीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. चांगलंच झालं. पण त्या कायद्यात वडिलांसाठी रजा नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला वेगळ्या नियमानं मिळते, ती 15 दिवसांची. शिवाय आईच्या रजेचा पगार मालकानं द्यायचा. मग बाईला नोकरीवर घेतानाच हिशेब मांडला जातो. म्हणजे भलं करणारा कायदाही, मूल हे आईचंच काम, असं न बोलता सांगतो.

आणि या कामाची किंमत कधी होते? जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका खटल्यात याच 299 मिनिटांचा दाखला दिला आणि गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे हे मान्य केलं. निकाल योग्यच. पण हिशेब झाला तो बाई अपघातात गेल्यावर!

एक गोष्ट मला स्वतःबद्दल सांगितली पाहिजे. मी ‘सगळं’ सांभाळलं हे पूर्ण खरं नव्हतं. आमच्याकडे पोळ्यांना एक बाई यायच्या. त्या सकाळी सातला यायच्या, म्हणून मला लिहायला दोन तास मिळायचे. त्या वेळी त्यांच्या मुलीला कोण सांभाळत होतं, हे मी कित्येक वर्षं विचारलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, थोरली मुलगी शाळा बुडवून धाकटीला सांभाळायची. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत. त्या बाई नाहीत, आणि ती मुलगी तर नाहीच नाही. मध्यमवर्गाचं संतुलन पुष्कळदा असं दुसऱ्या बाईच्या वेळेवर उभं असतं. ॲरिस्टॉटलनं उत्तम जीवनासाठी फुरसत आवश्यक मानली. त्याच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या आणि बायकांच्या श्रमावर उभी होती. त्याला हसण्याआधी आपलं घर बघावं.

शेवटी एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘पुरुषांवर कमाईचं ओझं असतं, त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. पहिल्या पाहणीत पैशाच्या कामात पुरुषांचे तास बायकांपेक्षा जास्तच होते. नोकरी गेली की आपण कुणीच नाही, असं वाटणारे पुरुष मी पाहिले आहेत. निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे वावरणारेही पाहिले आहेत. पण हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. ज्याच्या हातून काळजी घेण्याचं काम काढून घेतलं, त्याची मुलांशी, आईवडिलांशी जडणारी जवळीकही गेली. वाटप बदललं तर पुरुषाचंही ओझं हलकं होईल.

त्या तरुण प्राध्यापिकेचं दुसरं पुस्तक मध्यंतरी आलं. मी फोन केला आणि पाऊण तास फक्त पुस्तकावर बोलले. दोन प्रकरणांबद्दल आमचे मतभेद झाले. फोन ठेवताना मात्र मी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, ‘काय हो, मुलाला सांभाळून तुमची नोकरी कशी काय चाललीय?’ तो क्षणभर गप्प झाला. मग दोघंही हसले. तुम्हीही हा प्रश्न घरी विचारून बघा.