काम गेलं की माणसाचं काय जातं?

युरोपातले तीन जुने सिनेमे याची तीन उत्तरं देतात.

🎬 'द लास्ट लाफ' (१९२४, मुर्नाऊ): बड्या हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाला प्रसाधनगृहात कामाला लावतात. त्याला सगळ्यात झोंबतं ते गणवेशाचा रुबाबदार कोट जाणं. तो कोट चोरतो आणि तोच घालून घरी जातो. इथे इभ्रत शेजाऱ्यांच्या नजरेत आहे.

🎬 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८, डे सिका): एका बापाला नोकरीसाठी सायकल हवी, म्हणून त्याची बायको मारिया घरातल्या चादरी गहाण टाकते. गहाणखान्यातला माणूस ते चादरींचं गाठोडं घेऊन वर चढतो, तर तशाच गाठोड्यांची उंचच उंच रास! अख्ख्या रोमची ओढगस्त त्या एका दृश्यात कळते. शेवटी बाप स्वतःच सायकल चोरतो आणि पोरादेखत पकडला जातो. इथे इभ्रत मुलाच्या डोळ्यांत आहे.

🎬 'उम्बेर्तो डी' (१९५२, डे सिका): निवृत्त सरकारी नोकर, पेन्शन अपुरी. तो भिकेसाठी हात पसरतो, पण कुणी पैसे देऊ लागताच तळवा उलटा करतो, जणू पाऊस आजमावतोय. इथे इभ्रत स्वतःपाशीच आहे.

तिन्ही पाहाच. सुरुवात मात्र 'बायसिकल थीव्ह्ज'पासून करा.